घाटाखाली एक, घाटावर एक

डिसेंबरातल्या एका सोमवारी सकाळी कॉलेजच्या लायब्ररीतला फोन वाजला. कांबळेसरांच्या आई पहाटे गेल्या होत्या. सरांचा डावा पाय हलत नव्हता. आदल्या दिवशी सर मालवणला समुद्रात उतरले होते आणि त्याच संध्याकाळी घाट चढून आईकडे आले होते.

फोनवर सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, होत्या. एवढं सांगून त्यांनी विचारलं, "भाऊजी, काटा बघितलाय न्हवं?"

"बघितलाय," मी म्हणालो. "हिरव्यात आहे."

हा काटा कसला, ते सांगायचं तर आधी कांबळेसर सांगायला हवेत. सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याबद्दल लिहावं असं अनेकदा मनात आलं, पण दर वेळी वाटे की सरांना बोलताना ऐकलेलं नसेल तर वाचणाऱ्याच्या हाती काय लागणार? तरी लिहितो.

कांबळेसर आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. मी ग्रंथपाल. मला ते 'लायब्ररी' म्हणत. "काय लायब्ररी, चहा घेतलासा?" वर्गात बोलायचे ते पुस्तकातल्यासारखं, एकेक शब्द खडूनं फळ्यावर ठेवल्यासारखा. वर्गाच्या दाराबाहेर पाऊल पडलं की हातकणंगल्याकडची बोली सुरू. मधे श्वाससुद्धा घेत नसत. एकदा एका विद्यार्थ्यानं विचारलं, सर, तुम्ही बाहेर असं का बोलता? सर म्हणाले, "आत पगार मिळतोय बाबा."

ठेंगणे, रुंद खांद्यांचे, जाड काचांचा चष्मा. शर्टाच्या बाह्या वर्षभर कोपरापर्यंत दुमडलेल्या. केस नेहमी ओले असल्यासारखे बसवलेले. कुठल्याही खोलीत शिरले की दाराजवळची जागा धरायचे आणि माणसं मोजायचे. हे मोजणं त्यांना सुटत नसे. लग्नाच्या पंगतीत, स्टाफ मीटिंगमध्ये, एसटीत. ओठ हलायचे आणि नजर डावीकडून उजवीकडे सरकत जायची. सहलीला कुठं जायचं यावर स्टाफरूममध्ये वाद रंगला की सर सगळ्यांचं ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "जायचं कसं ते कुणीबी सांगतंय. परत यायचं कसं, ते सांगा."

त्यांच्या गावाजवळ एक विहीर होती. गावातली पोरं तिथं पोहायला शिकत. सरांच्या वस्तीतल्या पोरांना तिथं उतरू देत नसत. म्हणून हे नदीवर चालत जाऊन पोहायला शिकले. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही विषय निघाला म्हणून. सांगताना आवाज चढला नाही. "वाहतं पानी," ते म्हणाले. "चांगलंच झालं की. इहिरीत फकस्त तरंगायला येतंय."

नव्वदच्या दशकात कधीतरी ते मुलांची सहल घेऊन गोव्याला गेले आणि तिथं त्यांनी पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरणारी माणसं पाहिली. त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत ते एकटेच परत गेले आणि एका डायव्हिंग शाळेत नाव घातलं. पुढच्या सुट्टीत पुढचा वर्ग. असं करत करत बऱ्याच वर्षांनी ते दुसऱ्यांना शिकवण्याइतके तयार झाले. मग जुने विद्यार्थी गोळा केले. वारणानगरच्या डेअरीत केमिस्ट असलेला पाटील त्यातला पहिला. थंडीत दोन-तीनदा हे सगळे मालवणला जात. आमचा शिपाई गणपतमामा या मंडळींना 'पाण्यातली तालीम' म्हणायचा. हळूहळू सगळं कॉलेजच म्हणू लागलं. सरांना ते नाव आवडलं होतं. तालीम म्हटल्यावर रोजचा व्यायाम आला, वस्तादाचा धाक आला. त्यांना तेच हवं होतं.

समुद्र कसा असतो, मासे किती रंगांचे दिसतात, यावर सर फारसं बोलत नसत. मी एकदा मुद्दाम विचारलं, खाली काय दिसतं? ते म्हणाले, "लई शांत असतंय." त्यानंतर लगेच मला सांगू लागले की वर येताना श्वास धरून ठेवला तर फुप्फुसाचं काय होतं. पाण्याखालच्या सौंदर्यापेक्षा तिथून माणूस धड वर कसा येईल, यातच त्यांचा जीव गुंतलेला असायचा.

तालमीत आलेल्या नव्या पोराचा पहिला धडा रंकाळ्यावर व्हायचा, सोड्याच्या गाडीपाशी. गोळीच्या दोन बाटल्या घ्यायच्या. एकीची गोळी सर अंगठ्यानं खाडकन दाबायचे. फेस उसळून मनगटावरून वाहायचा. दुसरीची गोळी अगदी हळू, चुकचुक आवाज करत, जराशी दाबायची आणि सोडायची, परत दाबायची. ती बाटली उघडायला एवढा वेळ लागे की मागची गिऱ्हाइकं कुरकुरू लागत.

"ही बाटली म्हंजे तू," सर पोराला सांगायचे. "खाली पान्याचा दाब. हवेतला नायट्रोजन तुझ्या अंगात मुरनार, सोड्यात गॅस मुरतोय तसा. वर येताना त्यो निघाला पायजे. हळू आलास तर श्वासातनं निघून जातोय. घाईत आलास तर अंगातल्या अंगात बुडबुडं. सांध्यात, मनक्यात, कुठंबी."

सोडावाला वैतागायचा. "सर, तुमच्या पाया पडतो. तुम्ही हळू उघडून दावताय आनि लोक म्हनत्यात ह्याचा सोडा शिळा हाय."

"तू बिनधास्त उघड," सर म्हणायचे. "तुला कुठं पान्यातनं वर यायचंय?"

त्याच धड्यात त्यांच्या मुख्य नियमाचा उगम होता. मालवण समुद्राच्या काठावर आणि आम्ही राहतो घाटाच्या वर. समुद्रातून निघालेला माणूस त्याच दिवशी घाट चढला तर भोवतालच्या हवेचा दाब आणखी कमी होतो. "घाट म्हंजे दुसऱ्यांदा गोळी दाबनं," असं सर सांगत. मुंबईहून येणाऱ्या डायव्हरला हा प्रश्न नव्हता, गोव्याच्या माणसाला तर नव्हताच. तो आमचाच, कोल्हापूरकरांचा. रविवारी दुपारपर्यंत समुद्र, मग सुरमईचं जेवण, मग गाडीत बसून गाणी म्हणत घाट चढायचा आणि सोमवारी कामावर हजर. सगळ्यांना हे साधं वाटे. सरांनी ते बंद केलं. पाण्यातून निघाल्यावरची रात्र खालीच काढायची, घाट दुसऱ्या दिवशी. त्या मुक्कामाला पोरं 'सरांची रात्र' म्हणत.

पाटील त्यावरून दर वेळी भांडायचा. "सर, सोमवारची रजा मागितली की सायब इचारतोय, दर खेपंला तुमच्या घरात कोन आजारी पडतंय? आता कुठला मामा सांगू? सगळं मामा सांगून झालं."

"आत्या सांग."

"आत्याबी झाल्या."

"मग खरं सांग. सांग, नायट्रोजन हाय अंगात."

सर हटत नसत. पाटील रुसून वाळूत बसायचा आणि अंधार पडला की तोच सगळ्यात मोठ्यानं गाणी म्हणायचा. मी पोहत नाही. पण दोन वेळा त्यांच्याबरोबर नुसता गेलो होतो आणि त्या रात्री अनुभवल्या होत्या. घरी जायची घाई नसलेली आठ-दहा माणसं एकत्र बसली होती. त्यात ना कुणाला बस गाठायची होती, ना कुणाचं घड्याळाकडे लक्ष होतं. सोलकढीचा जग फिरायचा. सर मधेच उठून माणसं मोजून यायचे. इतकं निवांत मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलं.

रविवारी मालवण नसे तेव्हा पाटलाच्या चुलत्याच्या मळ्यातल्या विहिरीवर सराव असे. एकानं बेशुद्ध व्हायचं, बाकीच्यांनी त्याला पाण्यातून पायऱ्यांवरून वर काढायचं, सपाट झोपवायचं, श्वास बघायचा, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावायचा. एकानं फोन करायचा, एकानं गाडी आणायची. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पाटलाचे चुलते पहिल्या रविवारी धावत आले होते.

"ओ पावणं, मेला काय त्यो?"

"न्हाय मामा, सराव हाय."

"सराव? मरायचा?"

पुढे त्यांना सवय झाली. चहाची किटली घेऊन ते विहिरीच्या काठावर येऊन बसायचे आणि विचारायचे, "आज कुनाची पाळी मरायची?" कधी त्यांना वाटे की मेलेला माणूस नीट मरत नाही, हसतोय. मग वरून ओरडायचे, "आरं मर्दा, मेलास न्हवं? मग गप पड की."

आता टाक्यांचं सांगतो. पाठीवरच्या हवेच्या टाक्या मालवणात भाड्यानं मिळत. सरांकडे होत्या त्या वेगळ्या, ऑक्सिजनच्या, आजारी माणसासाठी. एक लहान, ती तालमीबरोबर प्रवास करायची. दुसरी माणसाएवढी उंच, काळ्या अंगाची, पांढऱ्या खांद्यांची. ती आमच्या लायब्ररीत, संदर्भ विभागाच्या कपाटाला दोरीनं बांधून उभी असायची. प्रयोगशाळेत बर्नर होते, स्टाफरूममध्ये सिगरेटी. साऱ्या कॉलेजात कुणी काडी ओढत नाही अशी जागा लायब्ररीच, म्हणून सरांनी ती निवडली. प्राचार्यांनी आधी नाही म्हटलं. सर रोज चार वाजता त्यांच्या केबिनबाहेर जाऊन बसू लागले. शेवटी प्राचार्य मला म्हणाले, ठेवून घ्या, पण कुणी विचारलं तर मला माहीत नाही.

विचारलंच. तपासणीला समिती आली होती. त्यातल्या एका गृहस्थांनी टाकीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? मी म्हणालो, संदर्भ साहित्य आहे, बाहेर नेता येत नाही. ते मान डोलावून पुढे गेले. सरांनी हा किस्सा पुढे कितीतरी जणांना सांगितला आणि दर वेळी माझ्या उत्तरात एखादा शब्द स्वतःचा घातला.

कोल्हापुरात कशाला हवी टाकी, असं सगळेच विचारत. रंकाळ्यात कोण एवढं खोल जाणार आहे? सरांचं उत्तर ठरलेलं. "दुखनं खालीच दिसंल असं न्हाय. घरी आल्यावर दिसतंय. म्हनून घाटाखाली एक, घाटावर एक."

महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते लायब्ररीत यायचे. व्हॉल्व्ह उघडायचा, काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघायचं, बंद करायचा. मधल्या दिवसांत ते काम माझ्याकडे होतं. नमस्काराऐवजी सर मला विचारायचे, "काटा बघितला?" टाकीवर त्यांनी पांढऱ्या रंगानं गोव्यातल्या एका डॉक्टरांचा नंबर लिहून ठेवला होता. तिथं दाबाची खोली होती. अंगात बुडबुडे झालेल्या माणसाला तिच्यात ठेवून पुन्हा दाब देतात आणि मग तो हळूहळू उतरवतात. त्या डॉक्टरांना काय सांगायचं, याचा सराव सरांनी माझ्याकडूनही करून घेतला होता. मी रिसीव्हर कानाला लावायचा आणि म्हणायचं : कधी उतरला, किती खोल, किती वेळ, वर कधी आला, घाट कधी चढला, आता काय होतंय. मला फार संकोच वाटे. वाचनकक्षातली मुलं माझ्याकडे बघून हसायची.

एका खंडेनवमीला गणपतमामानं मोठाच घोळ केला. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं, यंत्रं, गाड्या पुसून, तेल लावून पूजतात. वर्कशॉपमधलं लेथ मशीन झालं, कॉलेजची जीप झाली, माझा टाइपरायटर झाला. उरली टाकी. मामानं ती ओल्या फडक्यानं पुसली, व्हॉल्व्हला शिलाई मशिनचं तेल सोडलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि समाधानानं सरांना बोलावून आणलं.

सरांचा चेहरा असा उतरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. ऑक्सिजनजवळ तेल चालत नाही, पेट घेऊ शकतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. सगळ्या मुलांना त्यांनी बाहेर काढलं. मग ज्याच्याकडून टाकी भरून घेत त्याला बोलावून व्हॉल्व्ह स्वच्छ करून घेतला. मामा दाराशी उभा होता. त्याला वाटलं आता नोकरी गेली.

सर बाहेर आले, काढून ठेवलेला हार उचलला आणि आत जाऊन परत टाकीला घातला. पूजाअर्चा त्यांच्या घरात नव्हती. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, त्यापुढे फुलं, बाकी काही नाही. पण हार त्यांनी स्वतःच्या हातानं घातला.

"मामा, हार चालतोय. तेल न्हाय."

"बरं सर."

"आनि रडायचं न्हाय. टाकीला पानी चालतंय, पर एवढं नको."

त्या डिसेंबरात तालीम मालवणला होती. तोवर सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले होते. नवी पोरं जास्त होती म्हणून त्या रविवारी दोन तुकड्या केल्या आणि सर दोन्हींबरोबर पाण्यात उतरले. दुपारी फोन आला की आईंना बरं नाही, डॉक्टर म्हणतात रात्र निघेल असं वाटत नाही.

पुढचं मला पाटलानं सांगितलं. सर वाळूत बसले. मग उठून गाडी ठरवली. पाटील म्हणाला, "सर, मग आमीबी येतो."

"कुनी यायचं न्हाय. रात हितंच काढायची. उद्या दुपारी निघा."

"मग तुम्ही?"

"माझी आई हाय."

पाटलानं लहान टाकी उचलून गाडीत ठेवली. वाटेत ऑक्सिजन घेत गेलं तर धोका कमी होईल, हे सरांनीच त्याला शिकवलं होतं. सरांनी टाकी उतरवून परत वाळूवर ठेवली. पोरं आताच पाण्यातून आली होती, नवी होती, रात्री कुणाला काहीही होऊ शकलं असतं. "जितं पोरं, तितं टाकी," एवढंच म्हणाले. मग माणसं मोजली आणि गाडीत बसले.

घाटातच त्यांचा खांदा दुखू लागला. त्यांना कळलं होतं. गाव गाठलं तेव्हा आई शुद्धीवर होत्या. त्यांनी सरांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "क्यास वलं हायत तुजं. पूस की." सर त्यांच्याजवळ बसून राहिले. लायब्ररीतल्या टाकीसाठी तेव्हाच माणूस धाडता आला असता, पण मग घर आईला सोडून आपल्याभोवती जमलं असतं, असं ते नंतर मला म्हणाले. पहाटे आई गेल्या. सर उठायला गेले आणि डावा पाय त्यांच्याबरोबर उठला नाही.

फोन ठेवल्यावर मी टाकीवरचा नंबर लावला. ज्या सरावाची मला लाज वाटायची, तो तोंडातून आपोआप बाहेर पडत गेला. फक्त 'कधी उतरला' म्हणताना त्या जागी कांबळेसर आहेत, हे सांगायला जीभ रेटावी लागली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ताबडतोब आणा, ऑक्सिजन वाटेत एक क्षणही काढू नका. गणपतमामानं जिमखान्यातली चार दांडगी मुलं आणली. टाकी टेम्पोत आडवी घातली. मामा तिला धरून मागे बसला.

आम्ही पोचलो तेव्हा दारात मांडव पडत होता. सर आत खाटेवर पालथे होते आणि त्यांचा चुलतभाऊ बंडू त्यांचा पाय तेल लावून रगडत होता. बंडू जुना पैलवान. आमच्याकडे पाय गेला, पाठ धरली, मान अवघडली, सगळ्याला एकच इलाज.

"नस चढलीया," बंडू मला म्हणाला. "आत्ता उतरवतो."

"बंड्या, नस न्हाय," सर उशीत तोंड खुपसून म्हणत होते. "बुडबुडं हायत. चोळू नगं. किती येळ सांगतोय."

"तू गप. परफेसर वर्गात."

वहिनींनी त्याचा हात धरून बाजूला केला. टाकी आत येताना पाहून बंडू मदतीला धावला तसे सर डोकं वर करून एवढ्यानं ओरडले की मांडवातली माणसंही थांबली. "तेलाच्या हातानं शिवायचं न्हाय." मग गणपतमामानं बंडूला बाहेर नेलं आणि राखेनं, साबणानं त्याचे हात धुतले. आपणही धुतले. धुताना त्याला समजावत होता, "मलाबी ठावं नव्हतं. झेंडूचा हार तेवढा चालतोय."

मास्क लावला. सर सपाट झोपले. थोड्या वेळानं रंग जरा सुधारला. गावातली एक ट्रॅक्स जीप ठरवली. तेव्हा सर म्हणाले, आईचं झाल्यावर निघू.

थोरला मुलगा, आई दारात, पाहुणे अजून यायचे. सरांचे चुलते खाली बघत होते. तोवर संध्याकाळ झाली असती. मी टाकीच्या काट्याकडे बघितलं आणि तो बघताना वहिनींनी मला पाहिलं.

वहिनी प्राथमिक शाळेत शिकवायच्या. फार बोलत नसत. त्या खाटेपाशी बसल्या. "आईंना खांदा द्यायला गाव हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या पायाला कुनी न्हाय. त्यांनी तुमाला बघितलं. आता तुमी निघायचं."

सरांनी मास्क काढायला हात वर केला. वहिनींनी तो धरून ठेवला.

चुलते म्हणाले, "वंदना तेवढी हुं दे. मग जा."

सरांची खाट उचलून बाहेर आईंच्या शेजारी ठेवली. अंगणात दोघं शेजारी शेजारी आडवे, एकाच्या तोंडावर मास्क, उशाशी ती उंच काळी टाकी. माणसांनी हात जोडून त्रिशरण म्हटलं. मास्कच्या आत सरांचे ओठ हलत होते आणि प्लास्टिकवर वाफ धरून विरत होती. मग बंडूनं आणि मुलांनी त्यांना ट्रॅक्समध्ये ठेवलं.

गोव्याला उतरायचं तरी आधी आंबोलीचा घाटमाथा गाठावा लागतो. रस्ता वर चढू लागला तसं मी सरांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. वहिनी घोट घोट पाणी पाजायच्या तेवढ्यापुरता मास्क हलायचा, लगेच परत. घाट उतरेपर्यंत काटा लाल पट्ट्यात आला होता. सावंतवाडीला रस्त्याच्या कडेला पाटील उभा होता, पायाशी लहान टाकी. मी सकाळी त्याला फोन केला होता. तालीम रात्री खालीच राहिली होती म्हणून तो तिथं पोचू शकला. टाक्या बदलताना पाटलानं विहिरीवर जसं करायचा त्याच क्रमानं सगळं केलं. सर बघत होते. झाल्यावर त्यांनी अंगठा आणि बोट जोडून खूण केली. पाण्याखाली तिचा अर्थ, सगळं ठीक आहे.

दाबाच्या खोलीत त्यांना पुष्कळ दिवस जावं लागलं. पाय परत आला, पण पुरता नाही. ओढत चालायचे, काठी आली. पुन्हा पाण्यात उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सरांनी ते वर्गात ऐकवलेला नियम पाळावा तसं पाळलं. आईंचं शेवटचं त्यांच्याशिवाय झालं. खांद्याला बंडू होता. त्यानंतर बंडू भेटला की सर त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि बराच वेळ तो काढायचे नाहीत.

तालीम पाटलानं चालवली. सर विहिरीच्या काठावर खुर्ची टाकून बसायचे, शेजारी पाटलाचे चुलते. दोघं मिळून मेलेल्या पोरांना सूचना द्यायचे.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते मालवणला. त्या खेपेला त्यांच्या आग्रहानं मीही गेलो होतो. पोरं बोटीतून परत आली, सरांनी मोजली, जेवणं झाली. रात्र खालीच काढायची होती. सूर्य बुडताना सर पँट दुमडून पाण्याच्या कडेला उभे राहिले. मी शेजारी. लाट दोघांच्या पायांवरून गेली.

"पानी गार हाय का, लायब्ररी?"

"गार आहे. तुम्हाला नाही लागत?"

"उजव्याला लागतंय. डाव्याला इचारलं तर सांगत न्हाय."

बऱ्याच वर्षांत विचारायचं राहून गेलेलं मी विचारलं. पुन्हा तसा निरोप आला असता तर?

"गेलो असतो की," ते म्हणाले. "आनि टाकी खालीच ठेवली असती." मागे वाळूत पाटलाचं गाणं सुरू झालं होतं. सरांनी वळून एकदा ओठ हलवत माणसं मोजली आणि परत समुद्राकडे तोंड केलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात ते झोपेत गेले. खांदा द्यायला तालमीतली सगळी पोरं होती. गणपतमामानं झेंडूचा हार आणला होता.

आता मी निवृत्त आहे. मामा नाही. पाटील अजून मालवणला माणसं नेतो आणि रात्र खाली काढतो. लहान टाकी त्याच्याकडे असते. मोठी लायब्ररीत संदर्भ विभागाच्या कपाटाला बांधलेली आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी जातो, हात धुतो, व्हॉल्व्ह उघडतो, काटा बघतो, बंद करतो.